हुंकार ऐकत गोष्ट पुढे नेताना : पहिली कथामालिका लिहिणाऱ्यांसाठी

माझी आजी रात्री गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असायची. हुं म्हणत राहायचं. हुंकार आला नाही की ती थांबायची, "झोपलास का रे?" असं विचारायची, आणि उत्तर आलं नाही तर गोष्ट तिथेच ठेवून कूस बदलायची. हुंकार जोरात आला की राक्षसाच्या गुहेत आम्ही जरा जास्त वेळ काढायचो. हुंकार जडावला की राजपुत्राचा सगळा प्रवास दोन वाक्यांत उरकायचा. गोष्ट तीच, शेवट तोच, पण कुठल्याही दोन रात्री ती सारखी झाली नाही.

क्रमशः लिहिणं मला अजून असंच वाटतं. मी दोन वर्षं एका दैनंदिन मालिकेसाठी संवाद लिहिले आणि त्यानंतर वाचनाच्या ॲपवर तीन कथामालिका पूर्ण केल्या. नवीन लिहिणारे भेटले की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : वाचकांचं किती ऐकायचं? मी त्यांना सांगतो, किती हे नंतर ठरवू. आधी कशाबद्दल ऐकायचं ते ठरवा. वाचक झालेल्या गोष्टीबद्दल बोलतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी खरं बोलतो. व्हायच्या गोष्टीबद्दल बोलतो तेव्हा तो स्वतःची इच्छा सांगत असतो. या दोन बोलण्यांची गल्लत झाली की मालिका भरकटते.

हे काही आजचं नाही. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः दिल्या. त्याच्या अर्धशतक आधी, १८३६ मध्ये, लंडनमध्ये चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' महिन्याला एक भाग अशी येऊ लागली. सुरुवातीला जेमतेम ४०० प्रती खपत होत्या. चौथ्या भागात सॅम वेलर नावाचा एक हजरजबाबी नोकर आला, लोक त्याच्या प्रेमात पडले, आणि मालिका संपेपर्यंत खप ४०,००० च्या घरात गेला. डिकन्सने सॅमला पिकविकसाहेबांच्या चाकरीत घेतला आणि शेवटपर्यंत सोबत ठेवला. प्रेक्षकांनी गोष्ट घडवली याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात निरोगी उदाहरण. त्याकडे पुन्हा येईनच.

पहिली पायरी : खुंटा रोवा

पहिला भाग प्रसिद्ध करण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. ही गोष्ट कोणाची आहे. ती कुठे जाऊन संपते. आणि मुख्य पात्र काहीही झालं तरी काय करणार नाही.

तिसरी ओळ नवीन लोक लिहीत नाहीत, आणि पुढे तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. माझ्या दुसऱ्या मालिकेत शोभा नावाची नायिका होती. वडील गेल्यावर कऱ्हाडकडच्या एका गावात ऊसशेती स्वतः बघणारी. मी लिहून ठेवलं होतं : शोभा नात्यातल्या कोणाकडे पैसे मागणार नाही. सतराव्या भागात ती पुरती अडचणीत आली तेव्हा निरोपांचा पाऊस पडला. मामाकडे जा, चुलत्याला फोन कर, एवढा काय तो ताठा! मी दोन रात्री डळमळलो. तो कागद भिंतीवर नसता तर अठराव्या भागात शोभा मामाच्या दारात उभी राहिली असती आणि मालिका तिथेच संपली असती, पुढचे भाग लिहून झाले असते तरीही.

कीर्तनकारांकडे बघा. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लावलं की त्याचा शेवट ठरलेला असतो, समोर बसलेल्या आजीबाईंनाही तो पाठ असतो. पण मंडप पेंगुळला की बुवा गजर घेतात, एखादा दृष्टांत लांबवतात, चिपळ्यांची लय बदलतात. समोरच्यांकडे बघून एवढं सगळं बदलतं, आणि आख्यान मात्र जागचं हलत नाही.

दुसरी पायरी : बँक करा, पण फुगवू नका

टीव्हीच्या धंद्यात 'बँक' म्हणजे चित्रित होऊन तयार असलेले, अजून न दाखवलेले भाग. तुम्हालाही बँक लागेल. नवख्यांना ती फक्त आजारपणासाठी हवी असं वाटतं. तिचं खरं काम वेगळं आहे : हुंकार आणि तुमची लेखणी यांच्यामधलं अंतर ती ठरवते.

हिशेब मांडा. आठवड्याला दोन भाग देता आणि सहा भाग तयार आहेत. मग पाचव्या भागावरची प्रतिक्रिया तुम्ही लवकरात लवकर बाराव्या भागात वापरू शकता, म्हणजे साडेतीन आठवड्यांनी. मधल्या काळात वाचकाचा राग निवतो, तुमचाही निवतो, आणि जे उरतं ते बहुतेक खरं असतं. बँक शून्य असेल तर आज रात्रीच्या चिडलेल्या निरोपाला उद्याच्या भागात उत्तर दिलं जातं. वीस भागांची बँक असेल तर हुंकार ऐकूनही काही करता येत नाही, मग कादंबरीच लिहा की सरळ. माझा अनुभव चार ते सहा भागांचा. नवीन असाल तर सहा.

दैनंदिन मालिकेत हे अंतर किती विचित्र असतं ते सांगतो, कारण मालिका अशा का वळतात हे त्यातून कळतं. टीआरपीचे आकडे बार्क ही संस्था काढते. निवडक घरांत मीटर बसवलेले असतात, घरातला कोण टीव्हीसमोर आहे हे ज्याने त्याने आपलं बटण दाबून नोंदवायचं असतं. बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आणि आकडे हातात येतात पुढच्या गुरुवारी. म्हणजे सोमवारी प्रेक्षक उठून गेला हे लेखकाला दहा दिवसांनी कळतं. तोवर आठ-नऊ भाग दाखवून झालेले असतात आणि बँक बहुधा पातळ असते. शिवाय आकडा फक्त सांगतो की लोक कमी झाले. का, ते सांगत नाही. ते 'का' मग गुरुवारच्या बैठकीत अंदाजाने भरलं जातं : नायिका फार खंबीर झाली, तिला रडवा, लग्न पुढे आणा, लीप घ्या, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे न्या. मी अशा बैठकांत बसलोय. खोलीतले लोक मूर्ख नसतात, मन लावून काम करणारे असतात. पण दहा दिवस जुन्या आकड्यावरून उद्याचा प्रसंग ठरवायचा म्हणजे गेल्या आठवड्यातला ताप बघून आजचं औषध देण्यासारखं आहे.

तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. तुमचा वाचक तुमच्याशी बोलतो. तो काय बोलतो ते नीट टिपायला शिका.

तिसरी पायरी : वही घाला

साधी दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात भाग आणि प्रसंग. दुसऱ्यात वाचकाला काय वाटलं. तिसऱ्यात वाचकाने काय मागितलं. आता तिसरा रकाना मालिका संपेपर्यंत वाचायचा नाही. लिहायचा जरूर, नाहीतर तो डोक्यात घोळत राहतो, पण वाचायचा नाही.

शोभाच्याच गोष्टीतलं उदाहरण देतो. "दिनेशला मारून टाका आता" असा निरोप आला. पहिला रकाना : भाग ११, दिनेश विहिरीवरची मोटर बंद करतो. दुसरा : संताप, आणि शोभा गप्प बसली याचा त्रास. तिसरा : दिनेशचा मृत्यू. दुसऱ्या रकान्याने मला खूप दिलं. शोभा का गप्प बसली हे मला माहीत होतं, वाचकापर्यंत पोहोचलेलं नव्हतं. तेराव्या भागात तिला आईशी चार वाक्यं बोलू दिली. राग गेला. दिनेश शेवटपर्यंत धडधाकट राहिला.

आता वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान. ते कोरं असतं. हुंकार जिथे थांबला त्याचं.

जो वाचक चिडून लिहितो तो अजून तुमच्या अंगणात आहे. गेलेला वाचक काही लिहीत नाही. म्हणून दर भागाची वाचनसंख्या लिहून ठेवा आणि दर पाच भागांनी एकदा बघा. रोज बघू नका, हात कापायला लागतो. पहिल्या भागावरून दुसऱ्यावर मोठी घसरण होतेच, तिने घाबरू नका. ते वाटसरू होते. पुढे मध्येच एका ठिकाणी पायरी तुटल्यासारखी दिसली तर थांबा.

माझी ती पायरी नवव्या भागापाशी तुटली. जवळजवळ तिसरा हिस्सा वाचक गळाले. त्याच सुमाराला शोभाच्या उर्मटपणाबद्दल बरेच जण बोलत होते, तेव्हा मला वाटलं कारण तेच. तिला मवाळ करायला बसलोही होतो. मग आठवा भाग पुन्हा वाचला. त्याच्या शेवटी सोसायटीचं पीककर्ज मंजूर होतं, शोभा बांधावर बसून गूळ-शेंगदाणे खाते, सूर्य मावळतो. सुंदर लिहिला होता. आणि त्यात पुढे काय, असा एकही धागा उघडा नव्हता. लोक चिडून गेले नव्हते, समाधानाने घरी गेले होते! नायिकेत काही खोट नव्हती, मीच आठव्या भागाला गोष्ट संपवून टाकली होती.

म्हणून घसरण दिसली की दोष आधीच्या भागाच्या शेवटच्या पानात शोधा. वाचक पुढचा भाग न वाचताच गेलेला असतो, त्याला त्या भागातलं काय खटकणार?

चौथी पायरी : बदलायचं ते वजन, वेग आणि स्पष्टता

स्पष्टतेचं वर आलंच. वेगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही; लोक "पुढे काय" ऐवजी "कधी" विचारायला लागले की दोन भागांचा एक करा.

वजनाचं मात्र नाजूक आहे. वजन म्हणजे एखाद्या पात्राला गोष्टीत मिळणारी जागा. सॅम वेलरला जागा मिळाली, पण डिकन्सने त्याला पिकविकपासून तोडलं नाही. तो नोकरच राहिला, मालकाच्या भाबडेपणाशेजारीच त्याचा चतुरपणा खुलत होता.

मी नेमकी उलटी चूक केली. शोभाच्या गोष्टीत बापू नावाचा एसटी कंडक्टर होता. सकाळच्या गाडीत तिकिटं फाडता फाडता पंचक्रोशीच्या बातम्या सांगायचा. लोकांना तो इतका आवडला की दर भागाला त्याची चौकशी व्हायची. मी हुरळलो. बापूला घर दिलं, रुसलेली बायको दिली, चार भागांचा स्वतंत्र ट्रॅक दिला. दुसऱ्याच भागात हुंकार मंदावला. कारण लोकांना गाडीतला बापू हवा होता, दोन थांब्यांच्या मधला. पाचव्या भागात मी त्याला पुन्हा गाडीत बसवला आणि एवढंच केलं की शोभा आता महिन्यातून तीनदा त्या गाडीने जायला लागली. पात्र आवडलं तर ते गोष्टीत जे काम करतंय त्याच कामाची संधी वाढवा.

मेलेल्या पात्राचं काय? हा प्रश्न तुम्हालाही पडेल, कारण लोकांना कोण आवडत होतं ते बऱ्याचदा तो गेल्यावर कळतं. आर्थर कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून दिलं आणि वाचक हळहळले, खवळले. १९०१ मध्ये तो होम्सची नवी कादंबरी क्रमशः घेऊन आला, पण ती घडते होम्सच्या मृत्यूआधी. १९०३ मध्ये मात्र त्याने होम्सला सरळ जिवंतच परत आणलं. आपल्याकडे 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहीर मेला तेव्हा देशभरातून एवढा आक्रोश झाला की त्यालाही परत यावं लागलं. आणि 'रात्रीस खेळ चाले' आठवा. २०१६ मधल्या पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली होती. २०१९ चं दुसरं पर्व काळात मागे गेलं, अण्णा हयात असतानाच्या दिवसांत, आणि अण्णा-शेवंता घराघरांत पोचले.

मला मागे जाण्याचा रस्ता सगळ्यात सच्चा वाटतो. मृत्यू खोटा ठरवला की यापुढे तुमच्या गोष्टीत कोणी मेलं तर वाचक रडणार नाही, वाट बघेल. मागे गेलात तर उलट होतं. हा माणूस जाणार आहे हे माहीत असल्यामुळे त्याच्या प्रत्येक हसण्याला धार येते.

पाचवी पायरी : जिथे वाकायचंच

दोन ठिकाणी लगेच वाकायचं. माहिती चुकली तर, आणि खरा माणूस दुखावला तर.

दुसरं आधी. 'डेव्हिड कॉपरफील्ड' क्रमशः चालू असताना डिकन्सने एक ठेंगणी बाई कपटी वाटेल अशी रंगवली. ज्या बाईंवरून ते पात्र बेतलं होतं त्यांनी डिसेंबर १८४९ मध्ये त्याला पत्र लिहून आपलं दुःख सांगितलं. डिकन्सने माफी मागितली आणि पुढच्या अंकांत तेच पात्र सहृदय, उपकारी करून दाखवलं. आधी ठरवलेलं सोडून दिलं. कथानकाचं थोडं नुकसान झालं असेल, पण मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि तुम्हीही करा. गावाकडचं लिहिणाऱ्यांना हा धोका जास्त असतो, लोक स्वतःला ओळखतात.

माहितीची चूक तर कित्येकदा देणगीच ठरते. शोभाने संक्रांतीनंतर आडसाली ऊस लावला असं मी लिहिलं होतं. एका शेतकरी वाचकांनी कळवलं : "दादा, आडसाली आषाढ-श्रावणातली लागण. जानेवारीत लावाल तो 'सुरू' ऊस." मी ओशाळलो, त्यांचे आभार मानले, आणि मग लक्षात आलं की त्यांनी मला पुढच्या दहा भागांचं पेव उघडून दिलंय. आडसाली शेतात दीड वर्ष उभा राहतो, सुरू साधारण वर्षात तयार होतो. म्हणजे शोभाचा ऊस पुढच्या जानेवारीत, ऐन गळीत हंगामात, तोडीला आलेला असणार. पण कारखाना आधी आडसाली उचलतो, सुरूची पाळी मागाहून. ऊस तयार, तोडणीची टोळी येत नाही, फेब्रुवारी सरत चाललाय, ऊन वाढतंय, वजन घटतंय, कर्जाची तारीख जवळ. मी रचलेल्या कुठल्याही खलनायकापेक्षा ती वाट बघणं जास्त जीवघेणं होतं. खुंटा मात्र हलला नाही. शोभाने तेव्हाही कोणाकडे हात पसरला नाही.

जुना भाग दुरुस्त केलात तर तसं एका ओळीत सांगा आणि सुचवणाऱ्याचे आभार माना. नाव त्यांना विचारूनच द्या.

सहावी पायरी : नाही म्हणायला शिका

शेवट बदला असं लोक म्हणतील. 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' या कादंबरीतली लहानगी नेल मरणार हे दिसायला लागल्यावर डिकन्सला विनवण्यांची पत्रं आली, तरी १८४१ मध्ये ती गेलीच. त्याला ते लिहिताना स्वतःला असह्य झालं होतं, पण गोष्ट तिकडेच चालली होती.

सगळ्यात फसवा मोह वेगळाच असतो. रहस्यकथेत एखादी वाचक नवव्या भागातच खुनी ओळखते. आता काय, खुनी बदलायचा? कधीच नाही. तिने ओळखलं याचा अर्थ तुम्ही पेरलेले दुवे प्रामाणिक होते. खुनी बदललात तर ज्यांनी मन लावून वाचलं त्यांचीच तुम्ही फसवणूक केलीत. हलवून खुंटा बळकट करतात तसं करा : तिचा तर्क वाचा, कुठे कच्चा वाटतो बघा, आणि तेवढा दुवा पुढच्या भागात पक्का करा.

उत्तर देताना पुढचं काही फोडू नका आणि वादही घालू नका. मी साधारण असं लिहितो : "ताई, शोभाचा तुम्हाला राग आला हे वाचून बरं वाटलं, म्हणजे ती तुमच्यापर्यंत पोचली. ती असं का वागते ते तिच्याच तोंडून येऊ दे. वाचत राहा." शिवीगाळ आली तर उत्तर नाही, वहीतही जागा नाही.

सातवी पायरी : टाळ्या आणि शांतता

टीका पचते, टाळ्या पचवणं अवघड. मालिका चालायला लागली की सगळे म्हणतात, संपवू नका. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग. तिच्यामागे अख्खी यंत्रणा होती, आणि रोज संध्याकाळी त्या घरात डोकावणं हीच प्रेक्षकांची गरज होती. तुमची गोष्ट एका माणसाच्या एका संकटाची असेल तर तिला पाणी घालू नका. कागदावरचा शेवट चाळीस भागांचा असेल तर पंचेचाळीस ठीक. सत्तर झाले तर वाचकांच्या प्रेमाखाली गोष्ट गाडली जाईल.

आणि हुंकार आलाच नाही तर? जपानच्या 'शोनेन जंप' या चित्रकथांच्या साप्ताहिकात वाचक आवडत्या तीन मालिका निवडून कळवतात, आणि सतत तळाशी राहणाऱ्या मालिकेला काही आठवड्यांत गाशा गुंडाळायला सांगतात. क्रूर पद्धत आहे. पण त्यातून एक शिस्त घेण्यासारखी आहे : बंद करायची वेळ आली तरी शेवट द्यायचा. माझी पहिली मालिका सोळाव्या भागानंतर जवळजवळ कोणी वाचत नव्हतं. उरले होते मोजून चौदा जण. मी खुंट्यावरचा कागद काढला, मधली दोन उपकथानकं सोडली आणि पाच भागांत ठरलेल्या शेवटाला आणून पोचवली. त्या चौदांपैकी नऊ जण शोभाच्या पहिल्या भागाला हजर होते.

मालिका संपल्यावर महिनाभर हात लावू नका. मग सगळे भाग सलग वाचा. दर भागाच्या सुरुवातीला "मागे आपण पाहिलं" छापाची जी वाक्यं घातलीत ती आधी काढा, आठवड्याने वाचणाऱ्याला ती लागतात, सलग वाचणाऱ्याला टोचतात. बापूच्या बायकोचे चार भाग मी तेव्हाच काढले. त्याच दिवशी वहीचा तिसरा रकाना पहिल्यांदा वाचला. एका आजींनी सुरुवातीलाच लिहिलं होतं, "शोभाला शेवटी बांधावर एकटी बसवू नको रे, कोणीतरी शेजारी असू दे." शेवटच्या पानावर शोभा बांधावर बसते, आणि थोड्या अंतरावर सकाळची गाडी थांबवून बापू तिला हाक मारतो. तो शेवट मी पहिल्या दिवशीच लिहून ठेवलेला होता.